एक खाट आणि थोरले दीर

आमच्या आयसीयूच्या इनचार्ज सिस्टर शकुंतलाताई. आम्ही नर्स मुली त्यांना पाठीमागं मामलेदारीण म्हणायचो. आयसीयूतली खाट रिकामी झाली की कुणाकुणाचे फोन सुरू व्हायचे. ताई सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "ज्याला जास्त गरज, त्याला." माझ्या सख्ख्या मामांनाही त्यांनी हेच ऐकवलं होतं, म्हणून माझा त्यांच्यावर जरा रागच होता.

गेल्या श्रावणात सांगलीत न्यूमोनियाचे पेशंट खूप आले. त्या दुपारी वर आयसीयूत एकच खाट मोकळी होती आणि खाली कॅज्युअल्टीत दोघं ऑक्सिजनवर होते. एक सूरज, कुपवाडच्या कारखान्यात लेथवर काम करणारा पंचविशीतला मुलगा. उशाशी त्याची आई राहीबाई. दुसरे हरिबा, माण तालुक्यातले, साठी उलटलेले, मधुमेही. हे शकुंतलाताईंचे थोरले दीर.

दोघांचे ऑक्सिजनचे आकडे जवळपास सारखेच, त्यामुळं डॉक्टर शौनक पेचात पडले. "ताई, तुम्ही दोघांनाही बघून या, मग ठरवू," ते म्हणाले.

ताईंचं सासर जुन्या वळणाचं. थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नाही. घरात शिरताना खोकायचं, चहा हवा असला तर भिंतीकडं बघून म्हणायचं. एरवी डॉक्टरांनाही दटावणाऱ्या ताई, पण दिरापुढं त्यांचा हात आपसूक डोक्याकडं गेला. युनिफॉर्मला पदर कुठला असणार? "कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं. हरिबा सलाइनच्या बाटलीकडं बघत म्हणाले, "बरं हाय. लय बरं हाय."

ताईंनी येऊन तसंच सांगितलं आणि सूरजला वर घ्यायचं ठरलं.

मग माझ्याबरोबर वर जाताना ताई जिन्यातच थांबल्या. "मयूरी, माझं चुकलं. दुसऱ्या कुणाचा दीर असता तर नुसत्या 'बरं हाय'वर मी परत फिरले नसते. आपलं माणूस पुढं घातलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मी ते पटकन खरं मानलं. तू जाऊन विचार. मी पडद्यामागं थांबते."

मी गेले. "काका, खरं सांगा, कुठं दुखतंय?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "धाकटी न्हाई न्हवं हितं?"

"नाही," मी खोटं बोलले.

"सकाळधरनं छातीवर दगड ठेवल्यागत हुतंय बग. डावा हात बी भरून येतोय. पर तिला सांगू नगंस. भावजयीपुढं काय रडगानं गायाचं?"

पडदा हलला. दुसऱ्यांदा ईसीजी काढला, तेव्हा हार्ट अटॅक दिसला. डॉक्टरांनी निर्णय फिरवला. हरिबा वर जाणार आणि सूरजला पुढची खाट.

राहीबाईंना सांगायला डॉक्टर निघाले होते. ताई म्हणाल्या, "मीच सांगते."

"राहीबाई, खाट दुसऱ्या पेशंटला दिलीय. त्यांच्या हृदयाला धोका आहे. ते माझे दीर आहेत. हे तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

आता ही बाई आकाशपाताळ एक करणार, असं मला वाटलं. पण राहीबाईंनी ताईंच्या डोळ्यांत बघून विचारलं,

"तुमचं मानूस हाय म्हनून न्हाई न्हवं?"

"नाही."

"मग माज्या पोराजवळ तुमी बसा. दुसरं कुनी नगं."

ताई बसल्या. संध्याकाळी दुसरी खाट मोकळी होईपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत. मध्ये एकदा मी खाली आले आणि म्हटलं, "ताई, तुम्ही दिरांकडं जा, इथं मी बसते."

सूरजच्या मनगटावरचा हात न काढता त्या म्हणाल्या, "नको. त्यांच्याजवळ तूच बस. तुझ्याशी ते बोलतात."