अर्ध्या भाकरीचं बाळंतपण

"हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन. एवढंसं रक्त अंगात घेऊन बाळंत व्हायचंय का तुम्हाला?"

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर करून विचारलं. मला आठवा महिना लागला होता. वजनासाठी काढलेली माझी चप्पल हातात धरून आई शेजारी उभी होती. या आजाराला ॲनिमिया म्हणतात, म्हणजे रक्त कमी असणं. हिमोग्लोबिन हे रक्तातलं असं द्रव्य की ते अंगभर प्राणवायू पोचवतं. ते कमी झालं होतं म्हणून मला जिना चढताना धाप लागायची. मी समजायचे, पोटुशी बाईला धाप लागणारच.

"जेवण काय करता?"

"अर्धी भाकरी," मी म्हणाले.

"एका वेळेला?"

"व्हय."

आमच्याकडं कुरुंद्याला पोटुशी बाईला सातव्या महिन्यापासून हात राखून वाढतात. लेकरू मोठं झालं की बाळंतपण जड जातं, म्हणून. आईनं मला तसंच वाढलं आणि खरं सांगते, मी खुशीनं तसंच खाल्लं. कारण मला बाळंतपणाचं भयंकर भ्या होतं. पहिलटकरीण म्हणून माहेरी आले आणि ज्या बाईला बघावं ती माझ्यासमोर बसून स्वतःचं बाळंतपण लढाईसारखं सांगायची. हिला टाके किती, तिचं रक्त कसं थांबेना, आणखी कुणाचं काय. वरून म्हणायच्या, "तू भिऊ नको बरं का!" अगं बायांनो, आता काय राह्यलं भ्यायचं? लेकरू बारकं राहिलं तर सुटेन, एवढाच हिशोब माझ्या डोक्यात होता.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. "कशाची भीती वाटते?" त्यांनी विचारलं.

"मरायची," मी म्हणाले. आईनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

त्या म्हणाल्या, "बाळंतपणात प्रत्येक बाईचं थोडं रक्त जातंच. जे जाणार ते सोसायला अंगात रक्त पाहिजे. अर्धपोटी राहून बाळंतपण सोपं होत नाही, उलट धोका तुम्हीच वाढवून राहिलात."

घरी आल्यावर आईनं चूल पेटवली आणि ती म्हणाली, "मला कुठं ठाऊक होतं गं. माझ्या आईनं मला केलं, ते म्या तुला केलं." त्या दिवशी तिनं ताटात दोन भाकरी टाकल्या आणि मी खाईपर्यंत समोरून हलली नाही.

मग आयर्न सुक्रोज सुरू झालं. म्हणजे सलाईनमधून शिरेत द्यायचं लोह. तोंडात गंज चाटल्यासारखी चव यायची. हळद शिजवायचे दिवस होते, आईला रोज मजुरी होती, तरी ती सलाईनच्या दिवशी काम सोडून यायची आणि बाकड्यावर पेंगायची. हिरव्या भाज्या, फुटाणे, गूळ चालू झालं. जेवणावरचा चहा बंद झाला, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. त्या चहासाठी मी चक्क रडले, हसू नका.

अशातच प्रसूती विभागाच्या सिस्टरनं मला लेबर रूम दाखवली, म्हणजे बाळंतपणाची खोली. मला वाटलेलं, आत काय काय असेल. तर एक खाट, धरायला दांडे, बाळाला ऊब द्यायचा दिवा. सिस्टर म्हणाली, "कळ येते आणि जाते. मधल्या वेळात बाई मोकळी असते. तेव्हा अंग सैल सोडायचं, पाणी प्यायचं."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! मी समजत होते, कळा एकदा सुरू झाल्या की लेकरू होईपर्यंत थांबतच नाहीत. एवढ्या बाया एवढं बोलल्या, पण मधल्या विसाव्याचं एकीच्याही तोंडून निघालं नाही.

कळ आली की लांब श्वास सोडायचा, हे मी घरी रोज करायचे. सोबत घरची एक बाई आत चालते, हेही सिस्टरनं सांगितलं होतं. मी आईला म्हणाले, "तू ये."

"मी न्हाई बाई. माझ्यानं बघवणार न्हाई."

"मग मी एकटी मरू का तिथं?" मी ओरडले. तिचं नाही म्हणणं मला फार लागलं. आई चुलीपाशी पाठ करून बसून राहिली.

कळा सुरू झाल्या त्या पहाटे, आणि दुपारपर्यंत मी सगळं शिकलेलं विसरले. श्वास कुठला नि काय कुठलं! दांडा धरून किंचाळत होते, सिस्टरला नाही नाही ते बोलले. तेवढ्यात कपाळावर हात आला. खरबरीत, हळदीनं पिवळा पडलेला. आई दारातून आत आली होती.

"गेली बघ कळ. गेली. आता सोड अंग," ती म्हणाली. पुढची कळ आली. "येऊ दे. तीबी जाईल." असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली आणि मला तेवढंच ऐकू येत होतं.

पोरगी झाली. चांगली भरल्या अंगाची. टाके पडले, दुखलंही; दुखत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. रक्त गेलं, पण माझं हिमोग्लोबिन तोवर दहाच्या वर आलं होतं. "बेताचंच गेलं, काळजी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचे आणि त्या सिस्टरचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्यापैकी कुणी दिवसात असाल तर पोटभर जेवा, रक्त तपासून घ्या, ती खोली आधी बघून या. भ्या सगळं जात नाही. माझंही गेलं नव्हतं, पण त्याच्यासोबत काय करायचं ते ठाऊक झालं होतं.

सिस्टरनं पोरीला माझ्या छातीवर ठेवलं तेव्हा आई पदर तोंडाला लावून रडत होती. मी म्हणाले, "अगं, झालं की आता. काहून रडून राहिलीस?"

"माझी चार बाळंतपणं झाली," आई म्हणाली. "चारी वेळा म्या भ्यानं डोळे गच्च मिटलेले. लेकरू येताना कसं दिसतं, ते आज पाह्यलं."