पाला राहील

शैलाताई गेल्याचा फोन त्यांच्या मुलाने केला तेव्हा मी नोएडाच्या मेट्रोत उभा होतो. तोंडातून सवयीने निघालं, "अच्छा… बिल्कुल, चलो." एवढ्या बातमीला इतकं बावळट उत्तर फक्त मीच देऊ जाणे. ताई मातीतल्या सूक्ष्मजीवांच्या अभ्यासक. दिल्लीत आर. के. पुरममध्ये माझ्या शेजारीण, प्रयोगशाळेत माझ्या साहेब.

गाझियाबादजवळच्या निलगिरीच्या लागवडीत दरवर्षी पालापाचोळा झाडून काढत. ताईंचं म्हणणं, ते झाडांचं जेवण आहे. मातीतले जीव आपल्या एन्झाइमांनी ते कुजवतात आणि झाडांना परत वाढतात. तिथल्या मॅनेजर त्यागीजींशी त्या इरेला पेटून भांडल्या. अखेर ठरलं, की अर्धी लागवड तीन वर्षं झाडायची नाही. मातीत फरक दाखवता आला तर पाला सगळीकडेच राहील. नाहीतर सगळीकडे झाडू.

दुसऱ्या वर्षी घात केला तो मी. नत्र-स्फुरद मोजायला माती वाळवतात. पंधरा वर्षं वाळवतच आलो होतो. त्याच ओघात, एन्झाइमं उष्णतेने मरतात म्हणून थंड ठेवायचे चोवीसच्या चोवीस नमुने मी ओव्हनमध्ये खरपूस भाजले. ताईंनी दार उघडून पाहिलं.

"अहो कुलकर्णी, माझे साक्षीदारच भट्टीत घातलेत की!"

"ताई, राजीनामा देतो."

"तो नंतर. उद्या सहाला गाडीत बसा. बर्फ आणा."

दुखरे गुडघे टेकून, जूनच्या उन्हात, त्यांनी चोवीसही जागा पुन्हा खणल्या. मी दम खायला बर्फाच्या पेटीवर बसलो, तर झाकणच मोडलं. "पुढच्या वर्षी उभे राहा," एवढंच म्हणाल्या.

गेल्या आठवड्यात त्यागीजींचा फोन आला. "मॅडम तो रहीं नहीं, कुलकर्णीजी. अब सफाई करवा दें?"

मी जन्मभर सगळ्यांना 'हो जी' म्हणत आलेला माणूस. म्हणालो, "नहीं. तीसरा साल बाकी है." स्वतःचाच आवाज ऐकून दचकलो.

मग नमुन्यांच्या पिशव्या शोधायला प्रयोगशाळेतल्या ताईंच्या खोलीत गेलो. खणात चोवीस पिशव्या रचलेल्या होत्या. प्रत्येकीवर त्यांच्या अक्षरात जागेचा क्रमांक, किती खोल खणायचं, तिसरं वर्ष… तारीख तेवढी कोरी. त्यांच्याच खुर्चीत बसून मी येत्या परवाची तारीख घातली, चोवीस वेळा. आणि त्यागीजींना फोन लावून सांगितलं, फाटक सहाला उघडा.