पाठमोरा ड्रायव्हर

दफेदारचाचा आपली स्कूटर कधीही एकट्यानं मागं घेत नसत. मागं कोणीतरी उभं राहून हातानं खुणा करायलाच हव्यात. गल्लीत कोणी नसलं की ते भिंतीपलीकडून मला हाक मारत, "बाई, जरा मागं हुबं ऱ्हावा." माझी शाळेची घाई, एका हातात डबा, केस ओले. "अहो चाचा, स्कूटर आहे ती, रणगाडा नाही!" असं मी करवादायची. त्यावर ते अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणत, "मागलं दिसत न्हाई म्हंजी न्हाई. माणूस पायजेलच." मग मी पदर खोचून हात हलवायची आणि कोरेगावातली आमची सगळी गल्ली गालातल्या गालात हसायची.

फौजेतली सगळी नोकरी त्यांनी रणगाडा चालवण्यात घालवली होती. ड्रायव्हर खाली, पार पोटात बसतो आणि झाकण लावलं की त्याला फटीतून समोरची थोडी जमीन दिसते, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. वर उभा असलेला कमांडर कानातल्या यंत्रातून सांगेल तशी गाडी न्यायची. चाचांचे कमांडर म्हणजे कडेगावचे रिसालदारसाहेब. "साहेबांचं त्वांड मी कमीच बगितलं," चाचा सांगत. "आवाज मातर दिसभर कानात. त्यो आवाज हुता म्हणून मी घरला आलो." हे वाक्य ते नेहमी जमिनीकडं बघत म्हणत.

या रिसालदारसाहेबांचा एकुलता एक मुलगा मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्यानंतर साहेबांनी बोलणंच सोडलं. आजार काही नव्हता, डॉक्टरांनी तपासून सांगितलं. घरात सून एकटी, आणि हे ओट्यावरच्या बाजेवर भिंतीकडं बघत बसलेले. जेवणही घास-दोन घासांवर आलेलं. चाचा भेटायला गेले, दिवसभर शेजारी बसून परत आले. चाचींनी पुढं ठेवलेला चहा तसाच निवला. "साहेब बोलंना झाल्यात, बाई," ते मला म्हणाले. "आसंच चाललं तर जात्याल ते."

त्याच सुमारास पुण्याहून आलेल्या चाचांच्या लेकीनं मोडक्या खेळण्यांची एक पिशवी भंगारात द्यायला काढली होती. तीत रिमोटवर चालणारा एक रणगाडा होता. एका बाजूचा पट्टा तुटलेला, दातेरी चाकं झिजलेली, तोफ वाकलेली. चाचांनी तो उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि माडीवर नेला. आता हे म्हातारपणी खेळणार, असं म्हणून चाचींनी कपाळावर हात मारला.

चाचा खेळत नव्हते. तुटलेला पट्टा दोऱ्यानं बांधून, सेल घालून पहिल्यांदा तो रणगाडा फरशीवर सोडला तेव्हा ते वैतागून म्हणाले, "उंदरागत पळतंय. टँक कवा पळतो व्हय असा?" मग त्यांनी तो पुरता खोलला. जुन्या प्रिंटरमधली पितळी दातेरी चाकं बसवून वेग उतरवला. सायकलच्या साखळीवर पत्र्याच्या पट्ट्या ठोकून नवे पट्टे केले. दर चाकाला बॉलपेनातली स्प्रिंग लावली. वजन यावं म्हणून पोटात शिसं भरलं, ते इतकं भरलं की मोटार जळून माडी धुरानं भरून गेली आणि चाचींनी खालून आरडाओरडा केला. पुन्हा सगळं उघडलं, शिसं कमी केलं, मोठी मोटार आणि दणकट बॅटरी आणली. "टँक थांबताना नाक खाली घालतो," ते मला सांगत. "ते जमल्याबिगर साहेबांफुडं न्यायचा न्हाई." ते जमलं त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. खरंच, तो थांबला की जड अंगानं पुढं झुके आणि सावकाश मागं येई. मला उगाचच गलबलून आलं.

सरावाला धरलं मला. चाचा रिमोट हातात घेऊन रणगाड्याकडं पाठ करून बसत आणि मी स्टुलावर उभी राहून सूचना द्यायची. "इकडं वळवा," मी म्हणाले की ते भडकत. "इकडं म्हंजी कुटं, बाई? लेफ्ट, राइट, अडव्हान्स, हॉल्ट. साहेबांनी दुसरा शबुद कवा काडला न्हाई." वर्गात पोरांना गप्प करणारी मी, तिथं मुकाट्यानं शिव्या खात होते. आता तरी वळून बघा की, असं मी म्हटलं तर त्यांना ते पटेना. ड्रायव्हरनं बघायचं नसतं.

कडेगावला आम्ही दोघं एसटीनं गेलो, रणगाडा चाचांच्या मांडीवर. जाताना त्यांनी मला बजावलं, "काय बी झालं तरी तुमी तोंड उघडायचं न्हाई." ओट्यावर साहेब बाजेवर बसले होते. चाचांनी सलाम ठोकला. साहेबांनी मान वळवली नाही. चाचांनी रणगाडा ओट्याच्या एका टोकाला ठेवला, स्वतः अंगणात उतरून पाठमोरे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, ड्रायव्हर तयार."

चाचांनी गाडी सोडली. साखळीचा खडखड आवाज करत ती सरळ ओट्याच्या कडेकडं निघाली. कड कमरेइतकी उंच, खाली दगड. इतक्या महिन्यांचं काम चुरा होणार होतं आणि माझ्या तोंडात आलेला "हॉल्ट" मी पदरानं दाबून धरला. साहेब आता गाडीकडं बघत होते. पट्ट्यांची पुढची टोकं कडेला टेकली.

"हॉल्ट! ड्रायव्हर, हॉल्ट!"

आवाज फाटका होता, पण अंगणभर गेला. रणगाडा कडेवर नाक झुकवून थांबला. "दिसत न्हाई व्हय रं तुला?" साहेब ओरडले.

चाचा अजूनही पाठमोरेच होते. त्यांचे खांदे हलत होते. "न्हाई, साहेब. तुमी सांगितल्याबिगर मला कवा दिसलंय?"

आतून सून धावत आली आणि उंबऱ्यातच खाली बसून रडायला लागली. त्या दुपारी साहेबांनी भाकरी मागून घेतली. पुढं त्यांचे फोन सुरू झाले. बोलणं काय, तर ऊस, गुडघे आणि फौजेतल्या त्याच त्या गोष्टी. पण चाचा फोन ठेवून बाहेर आले की त्यांच्या चालण्यात फरक दिसे.

गेल्या वर्षी चाचांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. साहेबांचा फोन आला की चाची तो त्यांच्या कानाला लावून बसत. चाचा डोळे मिटून ऐकत. असे काही आठवडे गेले आणि एका सकाळी चाचा गेले.

फोनवर साहेबांना हे सांगायची कोणाची छाती होईना. ते पुन्हा गप्प झाले तर आता कोण येणार होतं? शेवटी मीच कडेगावला गेले. बाजेशेजारी बसून सांगितलं. साहेबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. सून दारात उभी होती; आम्ही एकमेकींकडं बघितलं.

मग साहेबांनी विचारलं, "शेवटापत्तुर ऐकू येत हुतं का त्याला?"

"येत होतं. तुमचा फोन कानाला लावला की शांत पडून राहायचे."

साहेबांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि ते माझ्याकडं वळले. "बसा, बाई. त्यो कोण हुता ते लोकास्नी कुटं ठावं हाय? मी सांगतो."

चाचा गेले तेव्हा मला रडू आलं नव्हतं, तिथं आलं. साहेब बोलत होते. परतीची एसटी चुकली तरी मी उठले नाही.