निळा अंगठा

समाजमंदिराबाहेरच्या नळावर कमलमावशी आपला निळा अंगठा दगडावर घासत होत्या. आत आरोग्य कार्यक्रमाच्या चाचणीची नोंदणी चालली होती. पुढच्या महिन्यापासून आमच्या वस्तीतल्या काही गल्ल्यांना व्यायाम आणि आहाराचा सल्ला मिळणार, बाकीच्यांची वर्षभर नुसती मोजमापं घेणार.

"मावशी, तुम्हाला तर सही येते!"

"येते की. पण नाव लिहून घेणाऱ्या मॅडमनी माझं लुगडं बघितलं आन् शाईचा डबाच पुढं सरकवला."

किळस आली मला. चाचणी करा, जरूर करा; कशाचा उपयोग होतो ते कळायलाच हवं. पण संमती घ्यायची तर समोरच्या माणसाकडे निदान एकदा बघाल की नाही? अकरा पानांचा कागद आणि तो उरकायला अर्धं मिनिट! यांना माणसाचं बोट तेवढं हवं, त्याचं तोंड नको.

"परवा ह्या कार्यक्रमाचं कळलं, तवापास्नं बीपीच्या गोळ्या बंद केल्यात," मावशी सहज म्हणाल्या. "आता हितनंच मिळणार ना?"

मी त्यांच्या हातातला कागद उलटला. आठव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की औषधं कोणालाच मिळणार नाहीत.

"मावशी, इथे गोळ्या नाहीत. आधी घरी जाऊन तुमची गोळी घ्या."

"मग येवढं सांगायला त्यांची जीभ झिजत होती काय?"

ओला अंगठा पदराला पुसत त्या दारात गेल्या आणि ओरडल्या, "अगं बायांनो, गोळ्या बंद करू नका गं!"

आत वजनाच्या रांगेतल्या तिघींनी एकदम वळून पाहिलं. त्यांचेही अंगठे निळे होते.