आधी कान दाखवा

"आधी कान दाखवा," काका म्हणायचे. दातांच्या दवाखान्यात असं ऐकल्यावर माणसाने काय करावं? एकजण तर बाहेर जाऊन पाटी पुन्हा वाचून आले होते.

रत्नागिरीत माझा दवाखाना तेव्हा नवा होता. माझ्या पेशंटांच्या कॅप आणि ब्रिज बनवणारे हे काका दोन गल्ल्या सोडून राहत. मोठं काम असलं की स्वतः चालत येत, पेशंटचे कान बघत, मनगट बघत आणि मगच तोंडाकडे वळत. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही वाटलं असतं, या माणसाचा दागिन्यांवर डोळा आहे.

एकदा बोटीवरून निवृत्त झालेले एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. ब्रिज तिला हवा होता, पण धातू त्यांनीच ठरवला होता.

"माझ्या तोंडात आहे तोच घाला. सगळे समुद्र फिरलो, गंज नाय चढला!" त्यांनी मोठा आ करून दाखवला. मीही कागदावर निकेल-क्रोम लिहून मोकळी झाले.

तेवढ्यात काका आले. "वहिनी, आधी कान दाखवा."

"ओ!" गृहस्थ ताडकन उठले. "दात पडलाय तिचा! कान कशाला हवेत तुम्हाला?"

बाईंनी मात्र पदर बाजूला केला. कानांच्या भोकांत झाडूच्या हिराच्या काड्या होत्या.

"खोटं घातलं की पाळ्या सुजतात हो," त्या म्हणाल्या. "भोकं बुजू नयेत म्हणून काड्या."

काका माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "खोट्या दागिन्यांत निकेल असतं, डॉक्टरीणबाई. तेच आपण हिरडीला लावणार होतो."

'आपण' म्हणाले. माझे कान लाल झाले होते, पण ते त्यांनी पाहिले नाहीत.

ब्रिज बिननिकेलचा, कोबाल्ट-क्रोमचा झाला. महिन्याने बाई तपासणीला आल्या. हिरडी छान गुलाबी होती. गृहस्थांनी काकांना पिशवीभर सुक्या कोळंबीचे सोडे दिले आणि डोकं तिरकं करून म्हणाले, "माझे पण कान बघा जरा."

काका आता केळशीला असतात. मागच्या महिन्यात मी भेटायला गेले, तर मला बघून काका ओटीवर बसून खदखदून हसले. तोंडात एकही दात नव्हता.

"अहो काका, कवळी?"

"करायची आहे. पण मला पसंत पडेल असा कारागीर मिळत नाही ना!"

आणि त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं, पुरतं मऊ होईपर्यंत धरून ठेवलं.