निळ्या क्लेचा गोळा

आमच्या यांनी आयुष्यात कधी पोळ्यांची कणीक मळली नाही. पण गाडी साफ करायचा तो निळा गोळा मात्र असा मन लावून मळत, की स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघताना माझा जळफळाट व्हायचा. एवढा जीव कधी आपल्यावर लावला असता या माणसाने, असं मी मोठ्याने म्हणायची आणि हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

क्ले म्हणतात त्याला. हे हिंगण्याला एका कारखान्यात नोकरीला होते. गाडी दिवसभर ग्राइंडिंगच्या शेडपाशी उभी असायची. तिथून उडालेला लोखंडाचा बारीक कीस रंगात रुतून बसायचा, मग त्याला गंज चढायचा. कितीही साबण लावा, धुतलेल्या गाडीवरून हात फिरवला की खरखर लागायचीच. ती घाण या चिकट गोळ्यानेच ओढून निघते, असं कोणीतरी यांना सांगितलं आणि तो घरात आला तो कायमचाच. हे निवृत्त झाले, आम्ही बेसाला राहायला आलो, तरी ती सवय सुटली नाही. कुठे लग्नाला जायचं ठरलं की माझ्या साड्यांच्या आधी गाडीची तयारी सुरू व्हायची.

कामाची रीत ठरलेली. गाडी सावलीत हवी. आधी धुवायची. मग हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून रंगावरून बोटं फिरवायची, कारण नुसत्या हाताला न कळणारी कचकच पिशवीतून कळते. मग शाम्पूचं पाणी फवारायचं आणि तळहाताएवढी चपटी केलेली क्ले सरळ रेषेत, मुळीच जोर न लावता पुढेमागे सरकवायची. सुरुवातीला ती अडखळते, बारीक आवाज करते. घाण निघाली की आवाज बंद होतो. मळकी बाजू आत दुमडून पुन्हा मळायची आणि पुढच्या हातभर जागेला लागायचं. आणि गोळा जमिनीवर पडला, तर तो फेकून द्यायचा, मग तो नवाकोरा का असेना. त्याला चिकटलेली एक कचसुद्धा सगळ्या रंगावर ओरखडे काढते. हा नियम यांनी मला इतक्यांदा ऐकवला होता, की शाळेत मुलांना पाढे शिकवतानासुद्धा मला तो आठवायचा.

त्या शनिवारी सकाळी हे अंगणात बॉनेटवर काम करत होते. दुसऱ्या दिवशी भिवापूरला यांच्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न. भाऊ आता नाही, त्यामुळे मुलीच्या बाजूने उभं राहणारे मोठे हेच. लवकर पोचायचं होतं आणि गाडी हेच चालवणार होते. मी पायरीवर बसून संभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी निवडत होते.

अर्धं बॉनेट झालं असेल, तेवढ्यात गोळा हातातून निसटला आणि खाली पडला. मी बघितलं. करड्या सिमेंटवर तो निळाशार तुकडा, यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला जवळजवळ टेकलेला. हे वाकले आणि उजवीकडे चाकाजवळ हात फिरवू लागले. मग चाकाच्या मागे. मग बंपरखाली. मला आधी हसूच आलं. मी म्हणणार होते, अहो, पायाशी तर आहे. पण यांचा हात ज्या रीतीने जमीन चाचपत होता, ते बघून माझे शब्द तोंडातच राहिले.

हे सरळ उभे राहिले, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाले, बस झालं आता, कंबर दुखते. अर्धं काम टाकून उठणारा हा माणूस नाही. मी विचारलं, गोळा कुठे आहे? म्हणाले, ठेवला डबीत.

मी उठले. गोळा उचलला आणि यांच्या तळहातावर ठेवला.

"कुठं होता?" यांनी विचारलं.

"तुमच्या पायाजवळ."

हे बराच वेळ बोटांनी तो गोळा दाबत राहिले. त्याला कच चिकटली होती. "आता हा फेकाले लागते," एवढंच म्हणाले आणि पायरीवर बसले.

मग एकेक करत सगळं बाहेर आलं. काचबिंदू. पेन्शनच्या कामाला जातो म्हणून निघायचे, ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचे. गेलेली नजर परत येत नाही, थेंबांनी फक्त उरलेली टिकते, असं त्यांनी यांना केव्हाच सांगितलं होतं. पेपर वाचणं बंद झालं तेव्हा मला म्हणाले होते, काही नसते त्यात. फाटकाला गाडी घासली तेव्हा फाटक बसवणाऱ्याला शिव्या घातल्या होत्या, आणि मीही यांच्या जोडीने दोन शब्द सुनावले होते. यांना खालचं दिसत नव्हतं, दोन्ही बाजूंचं दिसत नव्हतं. एखाद्या नळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसत होतं. आणि तेवढ्या नजरेवर हे मला रोज सकाळी शाळेत सोडत होते.

मला दया आली, असं लिहायला हवं. पण आधी आला तो राग. अंगाचा नुसता तिळपापड झाला. मला फसवलं याचा नव्हे. शाळेच्या फाटकाशी सकाळी किती लेकरं इकडून तिकडे पळत असतात, ते माझ्या डोळ्यांपुढे आलं.

"काहून सांगतलं नाही मले?"

"समोरचं तं दिसते ना."

"अन् बाजूनं कोनी आलं तं?"

"म्हणून तं हळू चालवून राहिलो," हे म्हणाले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "गाडी सुटली का मंग मी कुठं जातो वं? तूच नेशीन हात धरून."

मी रडले. हे गोळ्यातली कच नखाने काढत बसले, फेकायचाच होता तरी.

थोड्या वेळाने यांनी डबीतला उरलेला अर्धा तुकडा मागितला. राहिलेलं बॉनेट पूर्ण केलं. मी पाणी फवारत गेले आणि हे हाताने चाचपत, आवाज ऐकत पुढे सरकत गेले. शेवटी हातावर पिशवी चढवून सगळीकडून बोटं फिरवली. एकही जागा सुटली नव्हती. मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातात दिली. मला गाडी चालवता येत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी ती पदरात बांधली.

रविवारी ओळखीतला एक ड्रायव्हर बोलावला. शांत, वयस्क माणूस होता. हे पांढराशुभ्र सदरा घालून त्याच्या शेजारी बसले, मी ड्रायव्हरच्या मागे. इतकी वर्षं यांच्या शेजारच्या ज्या सीटवर मी बसत आले, तिथे आता हे होते. उमरेडच्या रस्त्याला लागलो तसं माझं लक्ष यांच्या पायाकडे गेलं. पुढे ट्रक हळू झाला की ड्रायव्हरच्या आधी यांचा उजवा पाय खाली दाबला जायचा. गतिरोधक आला की तसंच. तिथे ब्रेक नव्हताच, नुसती रबरी चटई होती. पण पाय चुकत नव्हता, आणि यांनाही ते कळत असावं, कारण चेहरा जरा सैल झाला होता. मलाही वाटून गेलं, आपण घाई तर केली नाही ना? डॉक्टर काय, सगळ्यांनाच घाबरवतात.

उमरेड मागे पडलं. एका गावापाशी डाव्या बाजूच्या गल्लीतून एक मुलगी सायकलवर थेट रस्त्यावर आली. मला मागच्या सीटवरून दिसली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक लावला आणि आम्ही सगळे पुढे आदळलो. यांचा पाय जिथल्या तिथे होता.

मुलगी घाबरून एकदा आमच्याकडे बघत निघून गेली. गाडी पुन्हा सुरू झाली.

"काय आलं होतं?" यांनी समोर बघतच विचारलं.

"पोरगी होती. सायकलवर."

"कोन्या बाजूनं?"

"तुमच्याच."

थोड्या वेळाने यांनी वाकून चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि भिवापूर येईपर्यंत सीटवर मांडी घालून बसून राहिले.