नखाएवढा चेहरा

माझ्या मावशीला संग्रहालयात सगळे भिंगबाई म्हणायचे. तोंडावर नाही हं, काय बिशाद! तिच्या गळ्यात दोरीला भिंग अडकवलेलं असायचं आणि ती चित्रांसारखी माणसंही त्यातून तपासेल, अशी सगळ्यांना धास्ती. जुनी लघुचित्रं साफ करायची, जपायची आणि खरी की खोटी ते सांगायचं, एवढंच तिचं काम. एवढंच, पण चौतीस वर्षं.

मी दोन वर्षांची असताना आई गेली. मावशीनं मला वाढवलं, म्हणजे खरं तर तिच्या टेबलाखाली वाढवलं. त्या खोलीला उत्तरेची खिडकी होती. ऊन कधी आत यायचं नाही, नुसता उजेड यायचा आणि दिवसभर तसाच बसून राहायचा. भिजवलेल्या डिंकाचा वास, खारीच्या केसांचा कुंचला बशीत बुडाल्याचा बारीकसा आवाज. मी झोपायचे, उठायचे, परत झोपायचे. संध्याकाळी दालनं बंद झाली की मावशी मला कडेवर घेऊन एका चित्रासमोर उभी राहायची. पांढरी गच्ची, वर निळसर आभाळ आणि मोराला दाणे टाकणारी एक बाई. तिचा चेहरा एका बाजूनं दिसणारा, माझ्या आताच्या नखाएवढा, नाकाचं टोक जरासं वर. घरी जाऊन मी डोळे मिटले की त्या गच्चीवर असायचे. फरशी गार लागायची. मोर मला ओळखायचा.

"ही कोण गं?" मी विचारायचे.

"आहे एक बाई. काचेला हात लावू नकोस."

पुढे ते चित्र भलतंच नावारूपाला आलं. एका प्राध्यापकांनी जाडजूड पुस्तक लिहून सांगितलं, की नाकाची ही ठेवण एकाच जुन्या चित्रकाराची. त्याचं नाव कुणालाच माहीत नाही, म्हणून यांनीच ठेवलं, 'गच्चीचा उस्ताद'. मग तिकिटांवर तोच चेहरा, पिशव्यांवर तोच चेहरा. उस्तादांचा विषय निघाला की मावशी भिंग पुसत बसायची. मला वाटायचं, जळते की काय ही!

गेल्या वर्षी तिच्या निवृत्तीला चार महिने उरले होते. एक संग्राहक त्याच उस्तादांचं म्हणून दुसरं चित्र घेऊन आला. घराण्यात दोनशे वर्षं आहे म्हणे. कागद जुना, रंग दगड कुटून केलेले. मागाहून लावलेला रंग काळा दाखवणाऱ्या जांभळ्या दिव्याखाली धरलं तरी खोट दिसेना. प्राध्यापक तर हरखूनच गेले. फक्त मावशीची सही राहिली होती.

त्या दिवशी ती चप्पल न काढताच स्वयंपाकघरात येऊन बसली. मी चहा गाळत होते.

"ते चित्र खोटं आहे," ती म्हणाली. "त्यातल्या बाईला ताईचं नाक आहे."

"कुठल्या ताईचं?"

"तुझ्या आईचं गं."

आणि मग तिनं सांगितलं. गच्चीचं चित्र तिच्या टेबलावर आलं तेव्हा त्या बाईच्या तोंडावर कुणीतरी कागदाचा तुकडा चिकटवलेला होता. तिनं तो ओलावून सोडवला. खाली चेहरा नव्हताच, कसरीनं खाल्लेलं भोक होतं. त्यांच्या कामाचा नियम असा, की गेलेली जागा एका फिकट रंगानं भरायची, बस्स. आपण तिथं चित्र काढायचं नाही. पण ताईला जाऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते.

"हात थांबलाच नाही बघ," मावशी म्हणाली. "नोंदवहीत लिहिलं, 'कागद काढला. चेहरा सुस्थितीत.' आख्ख्या नोकरीत तेवढं एकच खोटं."

माझ्याकडे आईचा एकच फोटो आहे, ओळखपत्रावरचा. त्यात ती पोलिसांना हवी असल्यासारखी दिसते. आणि इथं तीस वर्षं मी जिच्या गच्चीवर राहत होते... मला रडू आलं आणि लगेच रागही आला.

"सांगितलंस तर पुसतील तो चेहरा! कळतंय का तुला? काहीतरी दुसरं कारण दे."

"दुसरं कारणच नाही. त्या चोरानं काम चोख केलंय. नक्कल कुणाची केली, तेवढंच त्याला माहीत नाही." तिनं गार झालेला चहा एका घोटात संपवला. "माझ्या एका रेघेवर आख्खा उस्ताद उभा राहिला गं. आता त्याला पिल्लं व्हायला लागली. आणि ताईचं नाक विकायला आणलंय मेल्यानं! उद्या रजा टाक. तुझं काम आहे."

बैठकीत संग्रहालयाचे साहेब, प्राध्यापक आणि संग्राहक होते. मावशीनं चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. प्राध्यापक लालबुंद झाले.

"याला पुरावा काय, बाई?"

मावशीनं माझी हनुवटी धरली आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

"बघा."

माझ्या नाकाकडे इतक्या गांभीर्यानं आजवर कुणी पाहिलं नव्हतं. प्राध्यापकांनी मला पाहिलं, चित्र पाहिलं आणि चष्मा काढून ठेवला. मग दालनातलं चित्र काचेबाहेर काढून दिव्याखाली आणलं. जांभळ्या उजेडात गच्ची मंद दिसत होती, मोर दिसत होता आणि बाईच्या तोंडाच्या जागी नखाएवढा काळा डाग. संग्राहक मुकाट्यानं आपलं चित्र गुंडाळायला लागला.

साहेब भले माणूस. "तुम्ही निवृत्त झाल्यावर कुणीतरी पुसेल तो चेहरा," म्हणाले.

"रंगवला मी, पुसणार मी," मावशी म्हणाली.

चेहरा पुसायच्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले. तोच उत्तरेचा उजेड. तिनं काडीला कापूस गुंडाळला, ओला केला आणि अगदी हलकेच फिरवला. आधी ओठ गेले, मग डोळा. नाक तिनं शेवटपर्यंत ठेवलं होतं. तेही गेलं. मग तिथं फिकट रंग भरला आणि नोंदवहीतली जुनी ओळ खोडून खाली खरं ते लिहिलं. मी ढसाढसा रडत होते. छापलेले चेहरे ढीगभर आहेत, पण त्यात मावशीचा हात नाही.

"तो कापूस तरी मला दे," मी म्हटलं.

"नियमात बसत नाही. एकदा मोडला तेवढा पुरे."

कापूस पाकिटात गेला, पाकिटावर तारीख पडली. मग तिनं माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं आणि भिंग डोळ्याला लावलं. किती तरी वेळ ती बघत राहिली.

"चेहरा सुस्थितीत," ती म्हणाली.